चिरीव बांबूची गळकाठी : दुरुस्ती व नूतनीकरण

गळाने मासे धरण्याच्या जुन्या काठीचे सुटलेले दोरे, ढिले सांधे, वाकलेले टोक आणि तडकलेले वार्निश घरच्या घरी नीट करण्याचे काम. कोकणात या मासेमारीला गरवणे म्हणतात, गळाला गरी आणि नायलॉनच्या दोरीला तंगूस. काठीला मात्र आता सगळीकडे रॉडच म्हणतात. फायबरग्लास आणि कार्बनच्या रॉडांचीही दुरुस्ती होते, पण खरे कसब लागते ते बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेल्या काठीला. म्हणून ही नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

अशी काठी अमेरिकेत प्रथम करण्याचे श्रेय बहुधा पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपी यांना दिले जाते. ते बंदुका आणि व्हायोलिन बनवत. हे काम त्यांनी १८४०च्या दशकात केले. पुढे मेन राज्यातील हायरम लिओनार्ड यांनी चिरफळ्या कापण्याचे यंत्र वापरून ते कारखान्यात नेले. सुरुवातीचा बांबू भारतातून जाई. तो कलकत्त्याच्या बंदरातून निघे म्हणून त्याचे नाव ‘कलकत्ता केन’. विसाव्या शतकात त्याची जागा ‘टोंकिन’ बांबूने घेतली. हे नावही फसवेच, कारण हा बांबू व्हिएतनामच्या टोंकिनचा नसून दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातला आहे. १९५०मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, तोवर फायबरग्लासही बाजारात आले होते, आणि बांबूच्या काठ्या माळ्यावर गेल्या. आज दुरुस्तीला निघतात त्यांतल्या बऱ्याचशा त्या काळाच्या आधीच्या असतात.

काठीची रचना समजली की काय करू नये हे आपोआप कळते. बांबू चिरून प्रत्येक चिरफळीला ६० अंशांच्या कोनांचा त्रिकोणी छेद देतात. अशा सहा चिरफळ्या सरसाने जोडल्या की षट्कोनी, आतून भरीव काठी होते. बांबूचे मजबूत धागे सालीच्या लगत दाट असतात आणि गाभ्याकडे विरळ होत जातात. चिरफळ्यांची सालीकडची बाजू बाहेर ठेवतात ती यासाठीच. म्हणजे काठीचा सगळा जोर बाहेरच्या पातळ थरात. उत्साहाच्या भरात पॉलिश पेपर घेऊन बसणारा माणूस नेमका हाच थर घासून टाकतो. काठी चकचकीत होते आणि पहिल्या मोठ्या माशाला मोडते. जुने वार्निश काढायचेच असेल, तर बोथट पात्याची धार आडवी धरून फक्त खरवडावे, आणि बांबू दिसू लागला की हात थांबवावा. मुठीच्या वर कारागिराने शाईने नाव लिहिलेले असेल, तर तेवढा भाग सोडून द्यावा. वार्निशबरोबर ती अक्षरेही जातात आणि संग्राहकाच्या लेखी काठीची निम्मी ओळख जाते.

काम सुरू करण्यापूर्वी काठीवरच्या, तंगूस ओवायच्या प्रत्येक कडीचे टोकापासूनचे अंतर, ती बांधणाऱ्या दोऱ्याचा रंग आणि वेढ्यांची लांबी टिपून ठेवतात. कापसाचा बोळा कड्यांमधून फिरवला की चरे पडलेली कडी लगेच सापडते, कारण कापसाचे तंतू तिथे अडकतात. अशी कडी तंगूस कापते. ती बदलावीच लागते.

दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या सांध्याला फेरूल म्हणतात. जुन्या चांगल्या काठ्यांत तो जर्मन सिल्व्हरचा असतो. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. सांधा डुगडुगत असेल तर आधी त्यात बारीक खिळा आहे का ते पाहतात, तो ठोकून काढतात आणि मग स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू ऊब देतात. आतला डिंक मऊ झाला की सांधा ओढून निघतो. ऊब जास्त झाली तर बांबू करपतो, आणि सरसाने जोडलेल्या चिरफळ्याही उकलू लागतात. अडकलेला सांधा पिळून सोडवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण पीळ थेट चिरफळ्यांच्या जोडावर येतो. काठी सरळ रेषेतच ओढावी. सांध्याला तेल लावण्याऐवजी जुने गरवणारे त्यावर नाकाशेजारचा तेलकटपणा बोटाने पुसत, आणि तेवढे पुरे होई!

टोकाला आलेला बाक उबेनेच काढतात: वाकलेला भाग गरम करून उलट्या दिशेला किंचित जास्त वाकवायचा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचा.

कड्या बसवण्यासाठी रेशमी दोरा लागतो. कडीचा पाय, म्हणजे काठीवर टेकणारा तिचा भाग, कानशीने निमुळता करतात, नाहीतर दोरा पायावर चढताना फट राहते. दोऱ्याचे टोक पहिल्या काही वेढ्यांखाली दाबायचे, वेढे एकाला एक चिकटून घ्यायचे, आणि शेवटच्या सहा-आठ वेढ्यांखाली जादा दोऱ्याचा फास ठेवून त्यातून टोक आत ओढून घ्यायचे. गाठ कुठेच नसते. रेशमावर थेट वार्निश लावले तर ते पारदर्शक होते आणि खालचा बांबू दिसतो. रंग टिकवायचा असेल तर आधी रंगरक्षक द्रव लावावा लागतो. दोन्ही रूपे रूढ आहेत. पिवळट पांढऱ्या रेशमाचा पारदर्शक वेढा बांबूवर जवळजवळ नाहीसा होतो आणि सर्वांत देखणा दिसतो.

वार्निश पातळ करून दोन-तीन हात देतात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. यात धूळ आणि दमटपणा हे दोन शत्रू. कोकणात पावसाळ्यात तेलवार्निश दिवसेंदिवस चिकट राहते, तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

फायबरग्लास आणि कार्बनच्या रॉडवर दोन भागांचा एपॉक्सी लेप देतात आणि तो घट्ट होईपर्यंत रॉड संथपणे फिरवत ठेवतात, नाहीतर लेप खाली ओघळून थेंब धरतो. किनाऱ्यावरच्या खडकांतून गरवणाऱ्यांच्या रॉडला खाऱ्या पाण्याने आधी कड्यांच्या बुडाशी गंज धरतो. वापरानंतर गोड्या पाण्याने धुतलेला रॉड दुरुस्तीला फार उशिरा येतो. बांबूची काठी ओली असताना नळीत बंद केली की वार्निश फुगते आणि बुरशी धरते. ती कोरडी करून, सुती पिशवीत, उभी टांगून ठेवतात. कोपऱ्यात तिरकी टेकवून ठेवलेली काठी काही महिन्यांत तोच बाक घेते.