वाइनवरची साय

शेरीशी माझी पहिली ओळख फार वाईट झाली. पुण्यातल्या एका हॉटेलात वाइनच्या यादीत तिचं नाव दिसलं म्हणून हौसेने मागवली. बाटली कपाटात कधीपासून उघडी पडली होती, देव जाणे. रंग थंड चहासारखा आणि वास कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. शेरी ही केकमध्ये घालायची वस्तू आहे, असं मत त्या दिवशी झालं आणि बरीच वर्षं टिकलं.

ते मोडलं स्पेनच्या दक्षिणेला, हेरेथ दे ला फ्रोंतेरा या गावात. काडिथ प्रांतातलं हे गाव म्हणजे शेरीचं माहेर. अरबांनी त्याला शेरीश म्हटलं, इंग्रजांनी त्याचं शेरी केलं. तिथे 'ताबांको' नावाच्या जुन्या खाणावळी-गुत्त्यांमध्ये शेरी थेट लाकडी पिंपातून ग्लासात येते आणि बिलाचे आकडे खडूने फळीवर मांडले जातात. आमच्यासमोर हिरवी ऑलिव्ह, तळलेले बारके मासे आणि 'फिनो' जातीच्या शेरीचे दोन थंडगार ग्लास आले. रंग वाळल्या गवताच्या काडीचा. वास पाव भाजायच्या आधीच्या फुगलेल्या पिठाचा, सोललेल्या ओल्या बदामाचा. घोट घेतला तर गोडव्याचा मागमूस नाही, अगदी सडसडीत. पुण्यातली ती आणि ही एकाच नावाने कशा काय ओळखल्या जातात, असं मी काउंटरमागच्या काकांना विचारलं. त्यांनी एका पिंपाकडे बोट दाखवलं आणि एकच शब्द उच्चारला: फ्लोर. म्हणजे फूल.

ते फूल म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी एका बोदेगात, म्हणजे शेरी मुरवायच्या वखारीत, दिसलं. पाहुण्यांसाठी एका पिंपाला काचेचं तोंड बसवलेलं असतं. आत वाइनवर सुरकुतलेला, पांढुरका, मऊ थर. पहिला विचार आला तो लोणच्याच्या बरणीचा. ओला चमचा गेला आणि वर असा थर धरला, तर आमच्या आजीने अख्खी बरणी रिकामी केली असती आणि चमचा घालणाऱ्याचा उद्धार केला असता. हेरेथमध्ये मात्र त्या थराला जिवापाड जपतात.

हा थर बुरशीचा नाही, यीस्टचा आहे. तेच यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, जे पाव फुगवतं आणि द्राक्षाच्या रसाची वाइन करतं. फक्त त्याचे इथले वाण वेगळ्या चालीचे आहेत. रसातली साखर संपेपर्यंत सगळीच यीस्ट एकसारखी वागतात: साखर खातात, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. साखर संपली की साधं यीस्ट उपाशी मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. फ्लोरचं यीस्ट मात्र स्वतःच तयार केलेलं अल्कोहोल खायला घेतं. पण अल्कोहोल पचवायला ऑक्सिजन लागतो, आणि ऑक्सिजन आहे फक्त वर, हवेत. म्हणजे जगायचं तर तरंगायला हवं.

ते तरंगतं कसं, याचं उत्तर एका जनुकात आहे. त्याचं नाव एफएलओ-11. या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि तिला पाण्याचा तिटकारा असलेली, चिकट करतं. पेशी एकमेकींना धरतात, त्यांच्या जाळ्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि सगळा घोळका वर येतो. 2006 मध्ये स्पॅनिश संशोधकांनी दाखवलं, की फ्लोरच्या यीस्टमध्ये या जनुकात आणि त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात बदल झालेले आहेत. नियंत्रणाच्या भागातला डीएनएचा एक तुकडा गळाला आणि जनुक जोरात काम करू लागलं. पिंपाच्या अंधारात घडलेली ही उत्क्रांती आहे.

आता या सायीखाली काय चालतं ते पाहा, कारण फिनोची सगळी चव तिथे ठरते. साय वाइनला हवेपासून झाकते, म्हणून वाइन वर्षानुवर्षं पिंपात राहूनही तपकिरी होत नाही. वाइनला किंचित गोलाई आणि तेलकटपणा देणारं ग्लिसरॉल यीस्ट जवळजवळ फस्त करतं. तो सडसडीतपणा तिथून आला. आणि अल्कोहोल पचवण्याच्या पहिल्या पायरीवर अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, त्यातलं बरंच बाहेर गळतं. हिरव्या सफरचंदासारख्या तीव्र वासाचा हा रेणू. गंमत म्हणजे आपलं यकृतही अल्कोहोलचं पहिल्यांदा अ‍ॅसिटाल्डिहाइडच करतं. यीस्टने पिंपात जे सुरू केलं, तेच काम पिणाऱ्याच्या पोटात पुढे चालू राहतं.

पलोमिनो या इथल्या द्राक्षाला स्वतःची अशी फारशी चव नाही, हेही इथे सांगायला हवं. वाइनच्या पुस्तकांत त्याची साधारण हेटाळणीच असते. पण कोऱ्या पाटीवर अक्षर उठून दिसतं, तसं झालं आहे.

हा सगळा खेळ दोन टक्क्यांवर चालतो. द्राक्षाची वाइन 11-12 टक्के अल्कोहोलची होते. तिच्यात द्राक्षाचीच स्पिरिट घालून ती 15 टक्क्यांवर नेली, तर व्हिनेगर करणारे जिवाणू तग धरत नाहीत पण फ्लोर टिकतो. 17 च्या पुढे नेली की फ्लोरही मरतो. वखारीचा मुख्य, ज्याला 'कापाताथ' म्हणतात, तो प्रत्येक पिंप चाखून खडूने खूण करतो: नाजूक वाइन 15 ला, जाड अंगाची 17 च्या वर. पहिली फिनो होते, दुसरी 'ओलोरोसो'. सहाशे लिटरचं पिंप साधारण पाचशेच लिटर भरतात. सायीला पसरायला आणि श्वास घ्यायला जागा हवी.

बोदेगाची इमारतही या सायीसाठीच बांधलेली. तळघर नाही, उंच छताची, जाड भिंतींची, देवळाच्या सभामंडपासारखी दालनं. खिडक्या समुद्राच्या वाऱ्याकडे तोंड करून, त्यांवर गवताच्या चटया. जमीन पिवळसर मातीची, उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपार काढलेल्या माणसाला हे तंत्र समजावून सांगावं लागत नाही. जवळच सानलुकार दे बारामेदा हे गाव अगदी ग्वादलकिविर नदीच्या मुखाशी आहे. तिथल्या दमट गारव्यात साय वर्षभर जाड राहते, म्हणून तिथल्या फिनोला वेगळं नाव आहे, 'मान्थानिया'. ती चाखताना जिभेवर खारट भास होतो.

पिंपं एकावर एक रचलेली असतात. सर्वांत खालची रांग 'सोलेरा', जमिनीजवळची. बाटलीत भरायची वाइन फक्त या रांगेतून काढतात, तीही थोडीच. जेवढी काढली तेवढी वरच्या रांगेतून भरतात, तिच्यात तिच्या वरच्या रांगेतून, आणि सर्वांत वर त्या वर्षीची नवी वाइन. विरजणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, फक्त उलटं: आपण भरपूर दुधात चमचाभर जुनं दही घालतो, हे भरपूर जुन्यात थोडं नवं घालतात. नव्या वाइनसोबत सायीला नवं अन्नही मिळतं, म्हणून ती वर्षानुवर्षं जिवंत राहते.

याचं गणित मजेशीर आहे. समजा चार रांगा आहेत आणि प्रत्येकीतून वर्षाला एक चतुर्थांश पुढे सरकते. मग वाइन एकेका रांगेत सरासरी चार वर्षं थांबते आणि बाहेर पडताना तिचं सरासरी वय सोळा असतं. काही बाटल्यांवर एकोणिसाव्या शतकातलं साल छापलेलं दिसतं. ते सोलेरा सुरू झाल्याचं साल, वाइनचं नव्हे. पाचशे लिटरच्या एका पिंपातून दरवर्षी चतुर्थांश काढत गेलं, तर पन्नास वर्षांनी मूळ वाइनचे पाच-सहा थेंब उरतात. शंभर वर्षांनी थेंब नाही, पण रेणू मात्र अब्जावधी. लेबल लिहिणाऱ्यांना तेवढं पुरतं.

ताबांकोत तिसरा ग्लास आला तो 'अमोंतियादो'चा. ही वाइन आधी काही वर्षं सायीखाली राहते, मग साय मरते किंवा मारली जाते, आणि उघडी पडलेली वाइन हवेशी हळूहळू भिडते. रंग मधासारखा, वास अक्रोडाचा. आणि त्यामागून चक्क मेथीच्या लाडवांचा! तुपात भिजवलेल्या मेथीच्या पिठाचा डबा उघडला की येतो तो. मला वाटलं, घरची आठवण येते आहे, बाकी काही नाही. नंतर शोधलं तेव्हा कळलं की नाक बरोबर होतं. मेथीदाण्याच्या वासाचा मुख्य रेणू सोटोलोन, आणि तोच रेणू जुन्या शेरीतही तयार होतो. त्याच्या कच्च्या मालात ते अ‍ॅसिटाल्डिहाइडही असतं. सोटोलोन अगदी अत्यल्प असला तर भाजलेल्या साखरेसारखा वाटतो, वाढला की मेथीसारखा. 2005 पासून न्यूयॉर्कमध्ये मधूनच सगळीकडे मेपलच्या पाकाचा वास सुटायचा आणि लोक चक्रावायचे. 2009 मध्ये त्याचा उगम सापडला: नदीपलीकडे न्यू जर्सीत मेथीदाण्यावर प्रक्रिया करणारा कारखाना.

साय धरणारी वाइन फक्त हेरेथची नाही. सार्डिनिया बेटावर ओरिस्तानोची व्हर्नाचा आहे, हंगेरीत टोकायची कोरडी सामोरोद्नी आहे. पण सगळ्यांत हट्टी फ्रान्सच्या जुरा डोंगरभागातली 'व्हॅं जोन', पिवळी वाइन. तिथे स्पिरिट घालतच नाहीत. साव्हान्यां द्राक्षाची वाइन पिंपात ठेवून देतात आणि जी घट होते ती भरून काढत नाहीत. सायीला तिथे 'व्ह्वाल' म्हणतात, म्हणजे पदर. किमान सहा वर्षं तीन महिने थांबल्यावर ती 62 सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात. एक लिटरमधून एवढीच उरते, असं तिथे सांगतात. लुई पाश्चर याच भागातला, आर्ब्वा गावात वाढला. वाइन बिघडते ती सूक्ष्मजीवांमुळे, हे त्याने 1860 च्या दशकात तिथेच अभ्यासलं. त्याच गावात एक सूक्ष्मजीव वाइनला पांघरूण घालून बसलेला, हा योग छान आहे. तिथल्या खाणावळींत ही वाइन घालून कोंबडी आणि मोरेल अळिंबी शिजवतात. तो रस्सा पावाने पुसून खाताना पुन्हा मेथी भेटली.

ताटात काय असावं, याबद्दल हेरेथमध्ये एक म्हण आहे: पोहतं त्याला फिनो, उडतं त्याला अमोंतियादो, धावतं त्याला ओलोरोसो. म्हणी मी सहसा मनावर घेत नाही, पण माशाच्या बाबतीत थोडं विज्ञान आहे. लाल वाइनबरोबर मासा खाल्ला की तोंडात हिवस वास का रेंगाळतो, याचा 2009 मध्ये जपानी संशोधकांनी छडा लावला. साठाहून अधिक वाइन शिंपल्यांबरोबर चाखून पाहिल्या, तेव्हा गुन्हेगार निघालं वाइनमधलं लोह. जास्त लोह, जास्त हिवस. म्हणजे लाल रंगाचा त्यात थेट दोष नाही. कमी लोहाची लाल वाइन माशाबरोबर सुखाने नांदते.

पुण्यातल्या त्या ग्लासाचा उलगडाही इथेच होतो. फिनो बाटलीत भरताना गाळतात, म्हणजे साय मागेच राहते. बूच निघालं की तिला हवेपासून वाचवायला कोणी नाही. आठवडाभरात, तेही फ्रिजमध्ये ठेवून, संपवावी लागते. अमोंतियादो आणि ओलोरोसो आधीच हवा खाऊन बसलेल्या असतात, त्या उघडल्यावरही काही आठवडे टिकतात. आमच्या फ्रिजच्या दारात सध्या अमोंतियादोची अर्धी बाटली आहे. बहीण आली की तिला डोळे मिटायला सांगून आधी मेथीचा डबा आणि मग ग्लास हुंगायला देतो. दोनदा चुकली आहे.