न झालेल्या संपर्कांचा हिशेब

सूर्यावर मोठी ज्वाळा उसळली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते: ‘सौरवादळामुळे जगभर रेडिओ ब्लॅकआउट, मोबाइल आणि इंटरनेट ठप्प होण्याची भीती.’ यातल्या पहिल्या अर्ध्या भागात थोडंफार तथ्य असतं, दुसऱ्यात सहसा काहीच नसतं. नेमका कोणता रेडिओ बंद पडला, पृथ्वीच्या कोणत्या बाजूला आणि किती वेळ, एवढं मात्र बातमीत कधी सापडत नाही. ते शोधायचं तर हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, लॉग उघडावेत.

लॉग म्हणजे संपर्कांची नोंदवही. पूर्वी ती कागदाची असायची, आता एडीआयएफ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. त्यातली एक ओळ साधारण अशी: समोरच्याचं कॉलसाइन (स्टेशनचं अधिकृत सांकेतिक नाव), तारीख, ०६४३ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), १४.०७४ मेगाहर्ट्झ, मोड म्हणजे संदेश पाठवायची पद्धत एफटी८, दिलेला रिपोर्ट (सिग्नल किती जोरात आला तो आकडा) उणे ९, मिळालेला उणे १६, समोरच्याचा ग्रिड (नकाशावरचा चौकोन). ही फाइल क्लब लॉगसारख्या संकेतस्थळावर चढवली की कोणत्या बँडवर, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यावर, कोणते देश झाले, कोणते राहिले याचा तक्ता क्षणात समोर येतो. लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या की संपर्क पक्का धरला जातो. बहुतेक हॅम इथेच थांबतात. देश मोजतात, प्रमाणपत्रं मिळवतात. हौस म्हणून ठीकच आहे, पण ते झालं हजेरीपुस्तक. गंमत पुढे आहे.

रिपोर्टचा रकानाच घ्या. मोर्स किंवा आवाजाच्या स्पर्धांमध्ये हा रकाना शोभेचा असतो. सिग्नल कानाला जेमतेम लागत असला तरी रिपोर्ट ‘५९९’ किंवा ‘५९’, म्हणजे पैकीच्या पैकी, ठरलेला. एफटी८मध्ये तसं नाही. हा डिजिटल मोड २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणला. टेलर म्हणजे जोड-पल्सारच्या (जोडीदाराभोवती फिरणाऱ्या, रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. गोंगाटात बुडालेला सिग्नल उपसून काढणं हा त्यांचा मूळ धंदाच. एफटी८मध्ये रिपोर्ट माणूस देत नाही, संगणक मोजतो. अडीच किलोहर्ट्झ पट्ट्यातल्या गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती डेसिबल वर किंवा खाली, तो हा आकडा. साधारण उणे २१ पर्यंतचं वाचता येतं, त्याखालचं हरवतं.

दुसरा कामाचा रकाना ग्रिडचा. मेडनहेड पद्धतीत पृथ्वीचे १८ गुणिले १८ मोठे चौकोन करतात, प्रत्येक २० रेखांश रुंद आणि १० अक्षांश उंच. प्रत्येकाचे पुन्हा शंभर तुकडे. म्हणजे दोन अक्षरं आणि दोन अंक कळले की स्टेशन १ अक्षांश गुणिले २ रेखांशांच्या चौकटीत कुठेतरी आहे, हे ठरतं. चौकटीचा मध्य धरून अंतर काढलं तर शंभरएक किलोमीटरची चूक होऊ शकते. हजार-दोन हजार किलोमीटरच्या हिशेबात ती खपते.

आता एक आलेख काढू. आडव्या अक्षावर यूटीसी वेळ, उभ्या अक्षावर अंतर. फक्त १४ मेगाहर्ट्झचे संपर्क घ्या आणि प्रत्येकाचं एक टिंब टाका. एकट्याच्या एका दिवसाच्या लॉगमध्ये जेमतेम शिंतोडे दिसतील, म्हणून पीएसके रिपोर्टर किंवा रिव्हर्स बीकन नेटवर्कवरच्या नोंदी घ्या. तिथे जगभरचे रिसीव्हर कोण कोणाला, कधी, किती जोरात ऐकू आलं हे आपोआप टाकत असतात. टिंबांचा ढग तयार होतो. बघणाऱ्याची नजर सहसा ढगाच्या वरच्या टोकाकडे जाते, कारण तिथे लांबलांबचे संपर्क, बढाई मारण्याजोगे. माझं मत विचाराल तर ढगाची खालची कड बघा. त्या कडेखाली काही नाही. पाचशे किलोमीटरवरचं स्टेशन चालू आहे, त्याची ताकदही भरपूर आहे, तरी ऐकू येत नाही. त्याच वेळी दोन हजार किलोमीटरवरचं खणखणीत येतं. या मुक्या पट्ट्याला स्किप झोन म्हणतात.

असं का होतं? जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर आयनांबराचा एफ-२ थर असतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथले अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे झालेले असतात. वर जाणारी लहर या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत शिरते तेव्हा तिथला अपवर्तनांक एकापेक्षा कमी होत जातो आणि ती हळूहळू वाकते. (आरशावर आपटून परत येते असं शाळेत सांगतात, तेवढ्यापुरतं चालतं.) सरळ वर पाठवलेली लहर परत येण्याची एक कमाल मर्यादा असते, तिला क्रांतिक वारंवारता म्हणतात. इलेक्ट्रॉनांची घनता दर घनमीटरला किती ते घ्या, वर्गमूळ काढा, ९ ने गुणा; उत्तर हर्ट्झमध्ये. दर घनमीटरला दहाचा बारावा घात इतके इलेक्ट्रॉन असतील तर ९ मेगाहर्ट्झ. मग १४ मेगाहर्ट्झची लहर सरळ वर सोडली तर थर भेदून अवकाशात निघून जाईल. तीच तिरकी सोडली तर मात्र परत येऊ शकते. तळ्यात चपटा दगड वरून टाकला की बुडतो, तिरका फेकला की उड्या मारत जातो, तसंच काहीसं.

किती तिरकी, याचं गणित आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. परत येणारी कमाल वारंवारता म्हणजे क्रांतिक वारंवारता गुणिले आपतन कोनाचा (लहर उभ्या रेषेशी करते त्या कोनाचा) सेकंट, म्हणजे १ भागिले कोसाइन. थर ३०० किलोमीटरवर आणि क्रांतिक वारंवारता ७ मेगाहर्ट्झ धरा. १४ भागिले ७ म्हणजे २, आणि ज्याचा सेकंट २ तो कोन ६० अंश. पृथ्वी सपाट मानली तर लहर उतरेल ते अंतर ६०० गुणिले टॅन ६०, म्हणजे सुमारे १,०४० किलोमीटर. याहून जवळ काही उतरणारच नाही. क्रांतिक वारंवारता ९ झाली तर हीच कड सातशेच्या आसपास येते, ५ वर घसरली तर १,५७० वर जाते. आता हिशेब उलटा फिरवा. ढगाची कड १,०४० वरून १,५७० वर सरकलेली दिसली तर घनता वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात, ४९ ची २५ अशी उतरली, म्हणजे जवळपास निम्मी झाली. तीनशे किलोमीटर उंचीवरची इलेक्ट्रॉनांची घनता, आणि तीही ज्यांनी ती मोजायचं मनातही आणलं नव्हतं अशा लोकांच्या नोंदींतून!

दिवसभराचा आलेख पाहिला तर ही कड वाडग्यासारखी दिसते: सकाळी वरून खाली उतरते, दुपारी तळाला असते, संध्याकाळी पुन्हा वर चढते. एक काळजी मात्र घ्यायला हवी. लहर वाकते ती दोन स्टेशनांच्या साधारण मध्यावर, तेव्हा टिंब ना तुमच्या गावाचं ना समोरच्याच्या, ते मधल्या बिंदूचं. तिथला सूर्य किती वर आहे ते पाहायचं. हे न करता पाडलेले रंगीत नकाशे दिसायला देखणे असतात, अर्थ लावायला निरुपयोगी. शिवाय कधीकधी शंभरएक किलोमीटर उंचीवर स्पोरॅडिक-ई नावाचा दाट पापुद्रा तयार होतो आणि रिकाम्या पट्ट्यात अचानक टिंबं उगवतात. ती चूक समजून पुसू नयेत.

२१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणात हॅमसाय या गटाने अमेरिकेतल्या हॅमना मुद्दाम जास्तीत जास्त संपर्क करायला सांगितलं आणि हेच लॉग गोळा केले. सावली सरकली तसे १४ मेगाहर्ट्झवरचे संपर्क रोडावले, तर १.८, ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झ, जे एरवी रात्री रंगात येतात, ते भरदिवसा उघडले. १४ वर परिणाम ग्रहणमध्याच्या आधी-नंतर तासभर टिकला, १.८ वर जेमतेम वीसेक मिनिटं. हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘बघा, ग्रहणाचे किरण असतातच!’ किरण असतात ते एरवी. ग्रहणात ते अडतात, म्हणून इलेक्ट्रॉन कमी होतात. रोज संध्याकाळी हेच घडतं आणि त्यासाठी कोणी अन्न झाकून ठेवत नाही.

सौरज्वाळेचं उलटं. ६ सप्टेंबर २०१७ ला एक्स९.३ वर्गाची (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) ज्वाळा १२०२ यूटीसीला शिखरावर होती. तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि खालच्या डी थरात, साठ ते नव्वद किलोमीटरवर, इलेक्ट्रॉन वाढवतात. तिथली हवा तुलनेने दाट असल्याने हे इलेक्ट्रॉन इतर रेणूंवर आपटत राहतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. वारंवारता निम्मी तर शोषण साधारण चौपट. त्यामुळे त्या दुपारी युरोपातल्या लघुलहरींच्या नोंदी एकदम आटल्या. हा मार पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला बसतो, रात्रीच्या बाजूला नाही; आणि मोबाइल चालतो शेकडो-हजारो मेगाहर्ट्झवर, त्याला डी थराशी देणंघेणं नाही. भूचुंबकीय वादळं ही वेगळी भानगड. ती एक-दोन दिवसांनी येतात आणि बातम्यांत सगळ्यांची एकच भेळ होते.

आता उलट्या बाजूचा इशारा. टिंब नाही म्हणजे मार्ग बंद, असं नेहमी नसतं. कदाचित तिथे कोणी जागंच नसेल. हॅमची वस्ती युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये दाट, समुद्रावर जवळपास शून्य. स्पर्धेच्या शनिवार-रविवारी संपर्क फुगतात, त्यात सूर्याचा काही वाटा नसतो. म्हणून नुसती संख्या मोजू नये. त्या तासाला त्या भागात एकूण किती स्टेशनं चालू होती, त्याने भागावं. आणि लॉगमधली वेळ यूटीसीच आहे ना, हे आधी तपासावं. संगणकाचं घड्याळ स्थानिक वेळेवर राहिलं की १४ मेगाहर्ट्झचं वाडगंच्या वाडगं बाजूला सरकतं, आणि मग लोक त्यावर सिद्धान्त मांडतात.

स्वतःच्या लॉगमधून मात्र एक गोष्ट एकट्यालाही काढता येते. लहरीला जाताना जेवढी झीज लागते, साधारण तेवढीच येतानाही. त्यामुळे दिलेला आणि मिळालेला रिपोर्ट यांतला फरक उरतो तो दोघांच्या ताकदीचा आणि दोघांकडच्या गोंगाटाचा. समजा समोरचे तुमच्याइतक्याच वॉटवर आहेत, ते तुम्हाला सरासरी उणे ६ देतात आणि तुम्ही त्यांना उणे १४. म्हणजे तुमच्या अँटेनाभोवती आठ डेसिबल जादा गोंगाट आहे. एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांपैकी कोण ते एकेक बंद करून शोधायचं. अडचण एवढीच की समोरचा किती वॉटवर होता हे कळायला हवं. एडीआयएफमध्ये ताकदीसाठी वेगळा रकाना आहे, आणि बहुतेक लॉगांत तो कोराच असतो.