पडत्या बाजारातले खरेदीदार

चिंचपोकळीची एक तेलगिरणी १८६९ साली बुडीत निघाली होती. जमशेटजी टाटांनी ती घेतली, तिथे सूत कातायची यंत्रं बसवली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा मिल आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. चारच वर्षांपूर्वी कापसाच्या पडझडीने याच कुटुंबाचं कंबरडं मोडलं होतं. मधल्या काळात हाती रोकड आली ती अबिसिनियावर निघालेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरवण्याच्या सरकारी ठेक्यातून. बाकीच्यांकडे रोकड नव्हती, म्हणून गिरणी स्वस्त होती.

मुंबईतली अशी प्रत्येक उलथापालथ पाहिली की दोन प्रश्न पुरतात. माल मातीमोल झाला तेव्हा रोख पैसा कोणाकडे होता? आणि घेणेकऱ्यांच्या रांगेत कोण कुठे उभं राहायचं, हे कोणी ठरवलं? हुशारी, धाडस, दूरदृष्टी वगैरे गुण नंतर चरित्रांत येतात.

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, लँकशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस अडकला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाच वर्षांत शहरात नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त आले, असा आकडा इतिहासकार देतात. एवढा पैसा जिरवायला जागा नव्हती, म्हणून कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका आणि १६ ‘फायनान्शियल असोसिएशन’ होत्या. समुद्रात भर घालणाऱ्या, कापसाचे गठ्ठे दाबणाऱ्या, जहाजांच्या आणि विम्याच्या कंपन्या वेगळ्याच.

यंत्रणा अशी चाले. प्रवर्तक कंपनी काढणार आणि शेअर दर्शनी किमतीला स्वतःला, मित्रांना आणि ज्यांच्या सहीने कर्ज मिळतं अशा बँकवाल्यांना वाटणार. बाजारात भाव चढला की तेच शेअर बँकेत तारण ठेवायचे, त्यावर कर्ज उचलायचं आणि पुढच्या कंपनीचे शेअर घ्यायचे. बँक ऑफ बॉम्बेच्या १८४० च्या सनदेला शेअरवर कर्ज मंजूर नव्हतं. ही आडकाठी निघाली १८६३ च्या कायद्याने, म्हणजे तेजी ऐन भरात असताना. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा या बँकेवर एवढा वचक होता की त्यांच्या शब्दावर कर्जं सुटत. समुद्रात भर घालणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला तो याच कर्जांवर. तारण म्हणून ठेवलेल्या कागदाचा भाव त्याच कागदावर काढलेल्या कर्जाने वाढत होता. असा चढ आतून पोकळ असतो, कारण भाव खाली यायला लागला की बँकेला तारण विकावं लागतं आणि त्या विक्रीनेच भाव आणखी पडतो.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, यादवी संपत आली आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली आणि कोणाकडे काहीच नव्हतं. बॅक बेचा शेअर २,००० च्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला. बँक मोडली, १८६८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक उभी राहिली.

‘बड्यांनी लुटलं’ एवढ्यावर इथे भागत नाही. सगळ्यात बडे प्रेमचंद स्वतःच बुडाले. (त्यांनी तेजीत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर अजून तास देतो.) तरले ते वेगळेच लोक. ज्यांनी नफा कागदात न ठेवता जमीन, सोनं, इंग्लंडमधली ठेव अशा रूपांत आधीच बाहेर काढला होता ते, आणि ज्यांच्याकडे पक्कं तारण होतं ते. सरकारही तरलं. गोदीच्या बाजूला भर घालणारी एल्फिन्स्टन कंपनी त्याने १८७० मध्ये विकत घेतली आणि त्या किनाऱ्यावर १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला. शेवटी शेवटी भाव चढल्यावर शेअर घेणारा कारकून आणि छोटा व्यापारी यांच्या हाती पावत्या राहिल्या.

वडाखाली भाव पुकारणारे दलालही तरले. ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी आपली असोसिएशन केली. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. फी क्षुल्लक होती. सभासद कोणाला करायचं, हे मात्र आता आधीचे सभासद ठरवणार होते. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ दलाल स्ट्रीटवर सौदा करायचा तर त्या दारातूनच जावं लागलं.

गिरण्यांमध्ये पैसा काढायची रीत आणखी सुबक होती. भागधारकांची कंपनी चालवायला ‘मॅनेजिंग एजंट’ असे आणि त्याचं कमिशन पुष्कळ ठिकाणी उत्पादनावर ठरे, सुताच्या दर पौंडामागे पाव आणा. गिरणी नफ्यात आहे की तोट्यात, याचा त्याच्याशी संबंध नाही. मंदीत माल पडून राहिला तरी एजंटाला साचे चालू ठेवण्यातच फायदा.

दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरणगावात अजूनही चर्चा अडते ती संप चुकला की बरोबर यावर. मालमत्तेच्या दृष्टीने महत्त्वाचं काही निराळंच घडलं. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर जाऊ लागलं आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत सगळ्यात मोलाची वस्तू उरली ती खालची जमीन, एकूण सुमारे ६०० एकर. तोट्यातल्या तेरा गिरण्या १९८३ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. तोटा सार्वजनिक झाला. बाकीच्या जमिनी खासगी मालकांकडेच राहिल्या.

विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ आला १९९१ मध्ये. गिरणीची जमीन विकायची तर तिचे ढोबळ तीन भाग: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मार्च २००१ मध्ये या नियमाची दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, म्हणजे जिच्यावर बांधकाम नाही तिचीच, असं ठरलं. हिशेब करून पाहा. गिरणी ६ हेक्टरची. ५ हेक्टरवर शेड, गोदामं, चिमणी, आणि १ हेक्टर मोकळं. जुन्या नियमाने पालिकेला २, म्हाडाला २, मालकाला २ हेक्टर. नव्या नियमाने वाटणीला आला तो १ हेक्टर, त्यातला तिसरा हिस्सा प्रत्येकाला, आणि शेडखालचे ५ हेक्टर सगळे मालकाचे. मालकाकडे ५.३३, शहराकडे पालिका आणि म्हाडा मिळून जेमतेम ०.६७. मुंबईतल्या गिरण्या दाटीने बांधलेल्या, त्यामुळे जवळपास सगळीकडे हेच गणित.

ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जुना अर्थ लावला, ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती उचलून धरली. या निकालांआधीच सरकारी गिरण्या सांभाळणाऱ्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाचे लिलाव होऊनही गेले होते. जुपिटर २७६ कोटी, कोहिनूर क्रमांक ३ ४२१ कोटी, मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. संपाला तोवर तीस वर्षं झाली होती.

१९९२ च्या रोखे घोटाळ्यावर खूप लिहिलं गेलंय, म्हणून एकच दुवा. बँका आपसांत सरकारी रोखे विकत आणि ठरल्या दिवशी परत घेत. रोखे हलवण्याऐवजी ‘बँक रिसीट’ची चिठ्ठी दिली जाई. मागे रोखेच नसलेल्या अशा चिठ्ठ्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. चौकशीत ती सापडली आणि दिवाळखोरीत गेली. चिठ्ठ्यांवर उचललेला हा पैसा शेअरबाजारात गेला. १८६३ ची कर्जं आणि ही चिठ्ठी, दोन्हींत तारण कागदावरच.

आता हा सगळा व्यवहार २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतून चालतो. मुंबईतले खटले चालतात कफ परेडला, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे. कर्ज थकलं की प्रकरण दाखल होतं, कर्जदात्यांची समिती बसते आणि ६६ टक्के मतांनी खरेदीदाराची योजना मंजूर करते. मतं असतात बँकांसारख्या आर्थिक घेणेकऱ्यांना. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखानदाराला सहसा मत नसतं, आणि कंपनी मोडून विकली तर कलम ५३ च्या उतरंडीत तो अगदी खाली असतो. योजनेत त्याला निदान मोडीच्या हिशेबाइतकं तरी मिळालं पाहिजे, असा कायदा. मोडीच्या हिशेबात त्याचा वाटा पुष्कळदा शून्य येतो, म्हणून हक्कही शून्याचा. बुडवणाऱ्या प्रवर्तकाने मागच्या दाराने तीच कंपनी स्वस्तात घेऊ नये म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये कलम २९अ घातलं गेलं. चांगली दुरुस्ती. पण ९० टक्के मतं मिळाली तर कलम १२अ खाली अर्जच मागे घेता येतो, आणि तडजोडीची वाट तिथून जाते.

व्हिडिओकॉनचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटी, खरेदीदाराची योजना २,९६२ कोटी. शंभरातले चार रुपये आणि काही पैसे. मुंबई खंडपीठाने ८ जून २०२१ ला ती मंजूर केली, पण खरेदीदार जवळपास काहीच देत नाही असा शेराही मारला. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने मंजुरी रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवलं. उरलेल्या पंचाण्णव-शहाण्णव रुपयांना बँकेच्या भाषेत ‘हेअरकट’ म्हणतात. ते भरून निघतात भागधारकांच्या आणि सरकारी बँक असेल तर करदात्याच्या खिशातून.

रोकड स्वस्त करणं हा झाला मिंट रोडवरचा, रिझर्व्ह बँकेचा उपाय. तो सगळ्यांपर्यंत सारखा पोचत नाही. २७ मार्च २०२० ला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसा देते तो दर, ४.४ टक्क्यांवर आणि मेमध्ये ४ टक्क्यांवर आला. कर्जरोखे घेण्यासाठी बँकांना खास पैसा दिला गेला तेव्हा पहिल्या फेऱ्यांत तो उत्तम पतमानांकनाच्या बड्या कंपन्यांकडे गेला. म्हणून एप्रिलमध्ये मुख्यतः छोट्या-मध्यम वित्तकंपन्यांसाठी २५,००० कोटींची वेगळी फेरी काढली. बँकांनी मागणी नोंदवली १२,८५० कोटींची. उरलेला पैसा कोणी उचललाच नाही, कारण व्याज कितीही कमी असलं तरी बुडण्याचा धोका बँकेचाच होता.