काळजीवाहू पालकांची झोप

दीर्घकालीन आजार असलेल्या मुलाचे रात्री-अपरात्री करताना आई, वडील किंवा घरातील अन्य व्यक्तीच्या झोपेत होणारा बिघाड आणि त्याचा मनावरील परिणाम. निद्रानाशाहून ही अवस्था वेगळी आहे. निद्रानाशात झोपायला सवड असते, झोप येत नाही. इथे झोप अनावर असते, सवड नसते. वर्षानुवर्षे असे चालले की सवड मिळूनही डोळा लागत नाही, आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

कारणे आजारागणिक बदलतात. दम्याचा खोकला रात्री-पहाटे बळावतो, इसबाची खाज अंथरुणात जास्त सुटते, अपस्मारात झटका झोपेतच येईल ही धास्ती असते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात रक्तशर्करा उतरली की ती सतत मोजणाऱ्या, अंगावर चिकटवलेल्या सेन्सरचा गजर वाजतो. अर्धवट झोपेतल्या मुलाला बसते करून फळांचा रस पाजायचा, १५ मिनिटे थांबून पुन्हा आकडा पाहायचा, चढला नसेल तर पुन्हा रस. मूल केव्हाच झोपी गेलेले असते. पाजणारा मात्र आकड्याशेजारचा बाण वर वळतो का, ते बघत अंधारात बसून राहतो. सेन्सरमुळे बोट टोचणे कमी झाले, पण खोटे गजरही घरात आले : मूल कुशीवर वळून सेन्सर अंगाखाली दाबला गेला तरी आकडा घसरलेला दिसतो.

सिस्टिक फायब्रोसिस या, फुफ्फुसे व पचनसंस्थेला ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराबाबत नऊ देशांत झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३७ टक्के माता व ३१ टक्के पित्यांमध्ये नैराश्याची, तर अनुक्रमे ४८ व ३६ टक्क्यांमध्ये चिंतेची लक्षणे वाढलेली आढळली. त्यानंतर याच आजारासाठीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुलाबरोबर किमान एका पालकाचीही दरवर्षी नैराश्य व चिंतेसाठी चाचणी सुचवली. एरवी दवाखान्यात चौकशी होते ती मुलाच्या झोपेची.

मोजमापासाठी १९८९ ची पिट्सबर्ग निद्रा-प्रश्नावली सर्रास वापरतात. तिच्यात ० ते २१ पैकी ५ हून अधिक गुण म्हणजे झोप खराब. ती खोकला, थंडी, वाईट स्वप्ने असे सगळे विचारते. मुलासाठी उठावे लागले, हे मात्र ‘इतर कारण’ या रकान्यात लिहावे लागते.

निद्रानाशावर बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार व सवयी बदलणारा उपचार, हा पहिला उपाय मानला जातो. काळजीने झोप उडालेल्यांना त्याचा उपयोग होतो. गजराने उठणाऱ्याला कितपत होणार? अंथरुणातला वेळ कमी करण्याचा त्यातला भाग तर आधीच तुटपुंजे झोपणाऱ्याला जपूनच द्यावा. त्यापेक्षा रात्र दोघांनी वाटून घेणे, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत एकाने आणि पुढे दुसऱ्याने उठणे, हे जास्त कामी येते. एकट्या पालकाला तीही सोय नाही. घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांच्या पालकांची झोप रात्रपाळीची परिचारिका असते त्या रात्री वाढलेली आढळते. तरीही नवी परिचारिका आली की पहिले काही दिवस पालक मधूनच उठून दाराशी येतात, यंत्राचा आवाज ऐकतात आणि परत जातात.