उगवता चंद्र एवढा मोठा का दिसतो? दोन हजार वर्षांपासून चालत आलेला प्रश्न

पौर्णिमेचा चंद्र उगवताना बघितलाय ना, परातीएवढा असतो, आणि तोच चंद्र साधारण सहा तासांनी डोक्यावर आला की एकदम आटल्यासारखा वाटतो. असं का होतं हे कुठल्याही मुलाने विचारलं की बहुतेक वेळा मोठ्यांकडून एकच उत्तर येतं, खाली हवेचा थर जाड असतो आणि तो भिंगासारखं काम करतो. उत्तर चुकीचं आहे, पण ते काही काल-परवा कोणीतरी ठोकून दिलेलं नाहीये, त्याला खूप जुनी आणि खूप मोठ्या माणसांची परंपरा आहे. आणि हा प्रश्न हळूहळू आकाशातून निघून आपल्या डोक्यात कसा शिरला ती गोष्ट मला स्वतःला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मोजमाप बघून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि आपल्या डोळ्यापाशी तो साधारण अर्ध्या अंशाचा कोन करतो. हात पूर्ण लांब करून करंगळी धरली तर तिची रुंदी जवळपास एक अंश भरते, म्हणजे उगवतीचा तो भलामोठा चंद्र अर्ध्या करंगळीमागे सहज लपतो, आणि डोक्यावरचाही तेवढाच लपतो. उलट क्षितिजावर असताना तो किंचित लहानच असतो, कारण डोक्यावर असतानाच्या मानाने तेव्हा तो आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या एका त्रिज्येइतका, म्हणजे ६,३७१ किलोमीटर जास्त लांब असतो, त्यामुळे दीड टक्क्याच्या आसपास फरक पडतो. हवेमुळे प्रकाश वाकतो हे खरं, पण त्याने चंद्राची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते आणि चंद्र उभ्या बाजूने चपटा होतो, मोठा होत नाही. लालसर रंग मात्र नक्की हवेचाच. सुपरमून ही भानगड पूर्ण वेगळी, तिथे चंद्र खरंच जवळ येतो आणि सर्वात लांबच्या चंद्रापेक्षा १४ टक्क्यांपर्यंत मोठा दिसतो, पण तो फरक एका संध्याकाळीत घडत नाही.

म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते बरोबर असतं. उगवतीच्या चंद्राचा फोटो काढल्यावर एवढासा ठिपका येतो आणि सगळे हिरमुसतात, पण चंद्र खरोखर तेवढाच असतो.

आता इतिहास. प्राचीन चीनमधल्या लिएझी या ग्रंथात दोन मुलांची गोष्ट आहे, तीत चंद्राऐवजी सूर्य आहे पण प्रश्न हाच. एक मुलगा म्हणतो सूर्य सकाळी जवळ असतो कारण तेव्हा तो रथाच्या छत्राएवढा दिसतो आणि दुपारी ताटलीएवढा. दुसरा म्हणतो नाही, दुपारी जवळ असतो कारण तेव्हा चटके बसतात. थोर चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसला निवाडा करता येत नाही आणि मुलं त्याला हसतात. मला या गोष्टीत ती मुलंच जास्त शहाणी वाटतात, कारण दोघांनीही आपापला पुरावा समोर ठेवलाय.

ग्रीकांकडे अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात मेटिओरॉलॉजिका या ग्रंथात लिहून ठेवलं की दाट, दमट हवेतून बघितलं की वस्तू मोठ्या दिसतात आणि उगवता-मावळता सूर्य आणि तारेही तसेच. मग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी आला. त्याच्या अल्माजेस्ट या खगोलशास्त्रावरच्या ग्रंथाचं महत्त्व असं की क्षितिजावरचे ग्रहतारे जवळ आल्यामुळे मोठे दिसतात ही कल्पना त्याने साफ नाकारली, आणि कारण दिलं ते पृथ्वीभोवतीच्या वाफेचं, पाण्यात टाकलेली वस्तू जशी मोठी दिसते तसं. बस्स, इथून हे उत्तर चिकटलं ते चिकटलंच. पुढची हजार-बाराशे वर्षं खगोलशास्त्रात टॉलेमीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता, त्यामुळे वाफेचं भिंगही सोबत वाहत राहिलं, आणि आजही आपण मुलांना तेच सांगतो. गंमत म्हणजे त्याच टॉलेमीने प्रकाशावरच्या आपल्या दुसऱ्या ग्रंथात असंही सुचवलंय की वर बघायची आपल्याला सवय नसते म्हणून वरच्या वस्तू लहान वाटत असाव्यात. म्हणजे कारण बघणाऱ्यात असू शकतं हे त्याला पुसटसं का होईना जाणवलं होतं, पण लोकांनी उचललं ते पहिलं उत्तर.

या सगळ्या गोष्टीतला माझा सर्वात लाडका माणूस म्हणजे अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम. बसऱ्यात साधारण ९६५ मध्ये जन्म, पुढचं काम कैरोत. आधी त्यानेही टॉलेमीवर टीका लिहिताना वाफेमुळे प्रकाश वाकून चंद्र मोठा होतो हे गणिताने दाखवायचा प्रयत्न केला होता. पण नंतर किताब अल-मनाझिर हा प्रकाश आणि दृष्टीवरचा सात भागांचा प्रचंड ग्रंथ लिहिताना त्याने स्वतःचं मत बदललं, आणि मला विचाराल तर विज्ञानात यापेक्षा मोठं धाडस नाही. तो म्हणाला की एखादी वस्तू केवढी आहे हे आपण नुसत्या कोनावरून ठरवत नाही, कोन आणि अंतर दोन्ही धरून ठरवतो, आणि अंतर कळायला मधे ओळखीच्या वस्तू लागतात. क्षितिजाकडे बघताना मधे जमीन, झाडं, घरं अशी रांग असते म्हणून चंद्र खूप लांब आहे असं आपल्याला वाटतं, वर बघताना मधे काहीच नसतं म्हणून आकाश जवळ वाटतं. कोन तोच, अंतर जास्त वाटतंय, मग वस्तू मोठी असणारच, असा हिशोब मन आपल्या नकळत करतं. वाफेचा थोडाफार हातभार कधीकधी असू शकेल एवढं त्याने मान्य केलं, पण मुख्य कारण मनात आहे हे ठामपणे सांगितलं. तेही हजार वर्षांपूर्वी, मानसशास्त्र नावाचं शास्त्रच नव्हतं तेव्हा!

या ग्रंथाचं १२०० च्या सुमाराला लॅटिनमध्ये भाषांतर झालं, इंग्लंडमधला विद्वान रॉजर बेकन वगैरे मंडळींनी त्यातून घेतलं आणि तो विचार युरोपात पोचला. १६३७ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तही मधल्या वस्तूंचंच कारण देतो. पण १७०९ मध्ये तत्त्वज्ञ बर्कलीने एक चांगला आक्षेप काढला, की भिंतीआडून मधली जमीन झाकली तरी चंद्र मोठाच दिसतो की, मग मधल्या वस्तूंचं काय? त्याचं म्हणणं होतं की क्षितिजावरचा चंद्र हवेमुळे अंधुक दिसतो, आणि अंधुकपणाची सांगड आपलं मन अनुभवाने मोठेपणाशी घालतं. म्हणजे वातावरण परत आलं, पण यावेळी भिंग म्हणून नाही, मनाला मिळणारी खूण म्हणून.

एकोणिसाव्या शतकात जर्मन गणितज्ञ गाउसने १८३० मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलला लिहिलेल्या पत्रात वेगळाच मुद्दा मांडला, की डोळे वर करून बघावं लागतं त्याचा हा परिणाम असावा. १८८१ मध्ये स्विस डोळ्यांचे डॉक्टर एमिल एमर्ट यांनी जे नोंदवलं ते घरी कोणीही करून बघू शकतं. एखाद्या गडद रंगाच्या ठिपक्याकडे अर्धा मिनिट एकटक बघायचं, मग हातातल्या कोऱ्या कागदाकडे बघायचं आणि लगेच लांबच्या भिंतीकडे. डोळ्यात उरलेली प्रतिमा तीच असते पण कागदावर ती छोटी दिसते आणि भिंतीवर चांगली मोठी. इब्न अल-हैथमचा हिशोब डोळ्यादेखत होताना दिसतो तो असा. (सूर्याकडे बघून हे अजिबात करू नका, डोळे कायमचे जातील.)

खरी प्रयोगांची लढाई झाली विसाव्या शतकात. १९४० मध्ये हॉलवे आणि बोरिंग या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चंद्र बघून जवळच्या एका प्रकाशाच्या चकतीचा आकार त्याच्याशी जुळवायला लावला आणि निष्कर्ष काढला की गाउस बरोबर होता, मान तशीच ठेवून नुसते डोळे वर केले की चंद्र लहान वाटतो. वीसेक वर्षं हेच चाललं. मग १९६२ मध्ये लॉइड कॉफमन आणि अर्विन रॉक यांनी आक्षेप घेतला की एवढ्या लांबच्या चंद्राची तुलना हाताजवळच्या चकतीशी करायला लावणंच चुकीचं आहे, माणूस गोंधळणारच. त्यांनी आरसा आणि भिंग वापरून आकाशातच खोटे चंद्र दाखवले, एक क्षितिजावर एक वर, आणि खोट्याची तुलना खोट्याशी करायला लावली. डोळे वर करण्याने फारसा फरक पडला नाही. जमीन झाकली की मात्र भ्रम जवळपास नाहीसा झाला. क्षितिजावरचा चंद्र सरासरी सव्वा ते दीड पट मोठा वाटत होता, म्हणजे आपण बोलताना जो 'डबल' म्हणतो तेवढाही नाही. कागदाची सुरळी करून तिच्यातून उगवता चंद्र बघा, जमीन दिसेनाशी झाली की बऱ्याच जणांना तो लगेच आक्रसलेला दिसतो.

पुढे २००६ मध्ये मरे, बोयाची आणि कर्स्टन यांनी लोकांना एमआरआयमध्ये ठेवून बोळाच्या चित्रातले दोन सारख्याच आकाराचे गोळे दाखवले. लांब वाटणारा गोळा लोकांना मोठा दिसत होता, आणि मेंदूत डोळ्यांकडून आलेली माहिती जिथे अगदी सुरुवातीला पोचते त्या भागातही तो जास्त जागा व्यापत होता. यात चंद्र नव्हता, पण चंद्राला जे लागू होतं तेच इथे आहे, मोठेपणा हा मागाहून केलेला विचार नाही, तो बघण्यातच मिसळलेला असतो. म्हणून तर खरं उत्तर माहीत असूनही चंद्र मोठाच दिसत राहतो.

तरी एक गाठ अजून सुटलेली नाही आणि ती कुठल्याही मुलाला लगेच सापडते. उगवता चंद्र जवळ वाटतो की लांब असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात जवळ! आणि सगळा सिद्धांत तर तो लांब वाटतो यावर उभा आहे. कॉफमन-रॉक यांच्या बाजूने उत्तर असं की मेंदू आधी आपल्या नकळत अंतर धरून आकार ठरवतो, आणि मग मोठा दिसतोय म्हणजे जवळ असणार असं आपण वरून म्हणतो. काही संशोधकांना हे दुहेरी स्पष्टीकरण ओढूनताणून वाटतं, त्यांच्या मते लांबच्या खुणा दिसल्या की डोळ्यांची नजर जुळवण्याची पद्धत बदलते आणि तिच्यामुळे कोनच मोठा भासतो, अंतराचा संबंध नाही. मला स्वतःला पहिलं जास्त पटतं, कारण जमीन झाकल्यावर भ्रम जातो ही गोष्ट त्यात नीट बसते, पण चीनमधल्या त्या पहिल्या मुलानेही नेमकं हेच केलं होतं, मोठा दिसतोय म्हणून जवळ आहे म्हणाला होता.