ॲनिमल्स (सिंगल)

ॲनिमल्स ही मार्टिन गॅरिक्स या डच डीजे-संगीतकाराची इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील रचना. स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या कंपनीने ती जून २०१३ मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमविना सुटी, काढली, तेव्हा गॅरिक्स १७ वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती ब्रिटनच्या सिंगल्स यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत २१व्या क्रमांकापर्यंत गेली. जिच्यात गाण्यासारखे काही गायलेलेच नाही, अशा रचनेसाठी ही मजल मोठी आहे. ठाणे आणि नवी मुंबईत ती ओळखली जाते ती नावापेक्षा तिच्या ठोक्यामुळे. दहीहंडीच्या मंचासमोर वा हळदीच्या मांडवात नाचणाऱ्याला कर्त्याचे नाव विचारले तर सांगता येईलच असे नाही, पण तो तुकडा तोंडाने वाजवून दाखवणारे पुष्कळ भेटतात.

गॅरिक्सचे मूळ नाव मार्टाइन गारितसेन. जन्म १४ मे १९९६, ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलवेन या गावचा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात टिएस्टो या डच डीजेला वाजवताना पाहून त्याला या संगीताचा नाद लागला. ॲनिमल्स बाहेर येण्याआधी कंपनीने तिचा तुकडा कर्त्याचे नाव न सांगता ऐकवला होता. ऐकणारे मोठमोठ्या डीजेंची नावे घेत राहिले आणि निघाला तो संगीतनिर्मितीचे शिक्षण घेणारा एक मुलगा. २०१५ मध्ये तो स्पिनिनमधून बाहेर पडला, ध्वनिमुद्रणांच्या मालकीवरून वाद न्यायालयात गेला, आणि २०१६ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली.

रचना

ॲनिमल्स ‘बिग रूम हाउस’ या प्रकारात मोडते. मोठ्या मैदानात हजारो माणसांनी एकदम उडी मारावी यासाठीच घडवलेला हा प्रकार. लय मिनिटाला १२८ ठोक्यांची, ताल सरळ चारचा, आणि प्रत्येक ठोक्यावर किक, म्हणजे छातीत बसणारा खर्जातला आघात. या लयीत ३२ ठोके बरोबर १५ सेकंदांत होतात. डीजे मंडळी गाणी एकमेकांत गुंफताना मनात मोजत असतात ती हीच मापे.

सुरुवातीपासून एक अंधारी, कोमल गंधाराच्या अंगाने जाणारी धून सिंथवर, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या सिंथेसायझरवर, फिरत राहते. मग बिल्ड-अप येतो : किक गळते, ठोका दाट होत जातो, आवाज वर चढतो. तबला ऐकलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल, कारण बरोबरीतून दुगुनीत आणि दुगुनीतून चौगुनीत जाण्याचीच ही ओढ आहे. या ताणाच्या टोकाला एकच इंग्रजी ओळ बोलली जाते. गाण्यातले शब्द एवढेच, आणि त्यातही एक शिवी आहे. त्यानंतरचा ड्रॉप म्हणजे समेवर येणे. पण इथे गॅरिक्सने जे केले त्यातच या रचनेचे खरे मर्म आहे. ड्रॉपमध्ये रुंद, भरगच्च सिंथ कोसळेल अशी अपेक्षा असते. ॲनिमल्समध्ये मात्र जवळजवळ सगळे काढून घेतलेले आहे. उरते किक आणि तिच्यावर सुरात लावलेल्या तालवाद्यासारखा एक कोरडा, तुटक नाद. धून तोच वाजवतो. चाल आणि ठोका वेगळे राहत नाहीत. ठोकाच चाल होतो.

ठाणे-नवी मुंबईत

या पट्ट्यातल्या कानाला ही रचना परकी वाटली नाही, याचे कारण मला त्या ड्रॉपमध्येच दिसते. सुरात बोलणारे तालवाद्य इथल्या लोकांनी संबळात ऐकलेले आहे आणि टोचत जाणारा तुटक सूर बेंजोत. इथला बेंजो म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे. जपानच्या ताइशोगोतोपासून आलेल्या बुलबुलतरंगाचे ते वीज जोडलेले रूप आहे. डावा हात टाइपरायटरसारख्या कळांवर असतो, उजव्या हातातली पट्टी तारा छेडते, आणि सूर लांबण्याऐवजी टणकन उमटून विझतो.

नेरुळ, घणसोली, ऐरोली भागातल्या आगरी-कोळी गावांत हळदीला बेंजो पथक असले की असा एखादा तुकडा मध्येच येतो. बेंजोवाला धून धरतो, ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरचा वादक त्याच्या आठ रबरी चौकोनांपैकी एकावर किक लावून घेतो, ताशा दाट होत जातो. मग पथकाचा म्होरक्या हात वर करतो, सगळे क्षणभर थांबतात, नाचणारे गुडघ्यात वाकून तयार राहतात, आणि हात खाली येताच ड्रॉप सुटतो. कठीण जागा त्याच्या आधीची आहे. कोळीगीतांचा हेलकावा बहुतेक वेळा सहा मात्रांचा, दादऱ्याच्या जातीचा असतो, तर ॲनिमल्स सरळ चारात. एकातून दुसऱ्यात शिरताना नाचणाऱ्यांचे पाय चुकू नयेत म्हणून ताशावाला मध्ये तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन गाठ मारतो. ही गाठ बेमालूम बसली की पथक कसलेले समजावे.

गॅरिक्स १४ मार्च २०२५ रोजी, धुळवडीच्या दिवशी, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला. शिरवणे गाव तिथून हाकेच्या अंतरावर. ज्या ठोक्यावर गावातली मुले वाढली, त्याचा कर्ता असा उंबऱ्याशी येऊन गेला, ही इथल्या संगीताच्या नोंदीत राहायला हवी अशी गोष्ट आहे.

बेंजोऐवजी स्पीकरच्या भिंती रचून हीच रचना लावली की गोष्ट बदलते. किकमधला खर्ज भिंती आणि खिडक्या ओलांडून दूरवर जातो. आजारी माणूस आणि तान्हे मूल यांना तो सोसवत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. पथकाचे ताशे आणि बेंजो कमी आवाजाचे नसतात, तरी त्यांचा नाद एवढा पोखरत नाही, म्हणून ही रचना हातांनी वाजवलेलीच अधिक चांगली. दहाच्या सुमाराला पथक आवरते घेते. शेवटचा तुकडा बहुधा कोळीगीताचाच असतो, आणि तोवर दम लागून खुर्चीत बसलेल्या बायका त्यासाठी पुन्हा उठतात.