पाच मैलांची हद्द: कोकण किनाऱ्यावरील गस्तीची पार्श्वभूमी

सोन्यावर निर्बंध होते त्या काळात आखातातून येणारी गलबते रात्रीच्या भरतीला कोकणच्या खाड्यांत माल उतरवत. १९६२ च्या कायद्याने सीमाशुल्क अधिकाऱ्यांना बोट, विमान, गाडी अडवून झडती घेण्याचा अधिकार दिला होता, पण पाठलागाला वेगवान बोटी नव्हत्या. जप्त केलेल्या गलबतांवरच गस्त चाले. या तस्करीला आळा घालण्यासाठी १९७७ मध्ये तटरक्षक दल उभे राहिले, तेही नौदलाकडून आलेल्या दोन जुन्या फ्रिगेट युद्धनौका आणि पाच गस्ती बोटींवर. १९८२ मध्ये गोव्यात चेतक हेलिकॉप्टरे आली, पुढे दमणला टेहळणीची डॉर्नियर विमाने.

विमानांमुळे नजर लांब गेली, हात मात्र तेवढाच राहिला. डॉर्नियरच्या पोटाखालचे रडार संशयित बोट टिपते, वैमानिक खाली उतरून नोंदणी क्रमांक वाचतो, स्थान आणि दिशा कळवतो. अडवायला बोटच लागते. ती पोचायला दोन तास लागले, तर आठ नॉटने (ताशी आठ सागरी मैल) चालणारा मासेमारी ट्रॉलर तोवर सोळा सागरी मैल सरकलेला असतो आणि मासेमारीच्या गर्दीत मिसळतो.

१९९३ मध्ये रायगड किनाऱ्यावरच्या दिघी आणि शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली. त्या स्फोटांच्या खटल्यात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातलेही काही जण दोषी ठरले. त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातसाठी तीन पदरी गस्त आखली गेली: बाहेर नौदलाची विमाने, मध्ये तटरक्षक दल, किनाऱ्यालगत भाड्याचे मच्छीमार ट्रॉलर. हे ट्रॉलर संथ होते, पण नौदल, पोलीस आणि सीमाशुल्काची माणसे एकाच डेकवर असत. अडवणे, झडती आणि अटक या तिन्ही गोष्टी तिथेच होऊ शकत. या व्यवस्थेचे हे मोल पुढच्या काळात पुरेसे ओळखले गेले नाही.

२००५ च्या किनारी सुरक्षा योजनेत देशभरात ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी मंजूर झाल्या. बहुतेक बोटी बारा आणि पाच टनी होत्या. २००८ मध्ये हल्लेखोर अपहृत ट्रॉलरवरून मुंबईजवळ आले आणि रबरी बोटीतून उतरले, तेव्हा ही योजना सुरूच होती. २००९ मध्ये एकूण सागरी सुरक्षा नौदलाकडे आणि प्रादेशिक समुद्रातील किनारी सुरक्षा तटरक्षक दलाकडे सोपवली गेली.

खरा गुंता हद्दीचा आहे. किनाऱ्यापासून पाच सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर, सागरी पोलिसांनी गस्त घालायची आणि त्यापुढे तटरक्षक दलाने, असा प्रघात आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यात मात्र पाच हा आकडाच नाही. तिथे १२ (प्रादेशिक समुद्र), २४ (संलग्न क्षेत्र) आणि २०० (अनन्य आर्थिक क्षेत्र) सागरी मैल आहेत. केरळच्या किनाऱ्यासमोर दोन भारतीय मच्छीमारांवर इटालियन जहाजावरून झालेल्या गोळीबाराची जागा किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे राज्य पोलिसांना तपासाचा अधिकार नाही असे ठरवले. त्यामुळे पोलिसांची गस्त पाचला थांबते, तपासाची हद्द बाराला. सातव्या मैलावर तटरक्षक दलाने बोट धरली की ती ओढत बंदरात आणायची आणि खलाशांसह पोलीस ठाण्याच्या ताब्यात द्यायची; मुंबईत असे ताबे बहुधा यलो गेट ठाण्यात जातात. अडवल्या क्षणीचे अक्षांश-रेखांश आणि वेळ तिथल्या तिथे नोंदवली नसेल आणि पंचनामा थेट धक्क्यावर झाला असेल, तर बचाव पक्ष सर्वात आधी हद्दीवरच बोट ठेवतो.

बोटी केंद्राच्या पैशातून आल्या, माणसे राज्यांनी द्यायची होती. बदलीवर आलेल्या हवालदाराला थोडक्या प्रशिक्षणावर समुद्रात पाठवणे हा अन्याय आहे. तांडेल (बोट हाकणारे) आणि इंजिन चालक कायमचे नेमायला हवेत. खाडीच्या मुखाशी गाळ साचला की ओहोटीला बारा टनी बोट बाहेर निघत नाही. पाच टनी बोट निघते, पण उधाणलेल्या समुद्रात टिकत नाही. ओळख सांगणारे स्वयंचलित यंत्र वीस मीटर व त्याहून लांब मासेमारी बोटींनाच सक्तीचे आहे, आणि कोकणातल्या बहुसंख्य बोटी त्याहून आखूड आहेत.